वैष्णवीची वेगळी खोली

तुमचं लेकरू मोठं झालं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आम्हाला वाशीमच्या लॉजवाल्यानं सांगितलं. आमची वैष्णवी पहिल्या नोकरीसाठी हैदराबादला निघाली होती. गाडी भल्या सकाळची आणि आमच्या गावाहून, इंझोरीहून, त्या वेळेला बस नाही, म्हणून आम्ही तिघं आदल्या दिवशीच स्टेशनजवळ मुक्कामाला गेलो.

मॅनेजर म्हणाला, "काका, एका खोलीत दोघंच. अठराच्या वरच्या लेकराले अलग खोली घ्या लागते."

आमचे हे म्हणाले, "अरे, लेकरूच हाय थे. आमच्यातच झोपते."

"आधार कार्डावर बावीस वर्षांची हाय, काका."

वैष्णवी तर खूशच झाली. "घ्या ना, बाबा! मले पयल्यांदा सोताची खोली भेटून राह्यली."

"एकटी झोपशीन?"

"उद्यापासून एकटीच राहाचं हाय, बाबा."

यांनी दुसरी किल्ली घेतली.

पहाटे मी उठले तर हे खोलीत नव्हते. वैष्णवीच्या दारासमोर सतरंजी टाकून झोपले होते. डुकरांपासून पीक राखायला वावरात नेतात, ती बॅटरी उशाशी होती. वैष्णवी दार उघडून त्यांच्याजवळ बसली होती.

"उठवू नको, आई," ती हळूच म्हणाली. "गाडीले अजून येळ हाय."