आंदणातला कॉम्प्युटर

(वाशी, १९९८. रूपेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर एक जुना, पिवळा पडलेला डबा उघडून ठेवलाय.)

रूपेश : आणि हे आत पांढरं पांढरं काय चिकटलंय, ताई?

प्रिया : खोबरं.

रूपेश : खोबरं?

प्रिया : घरी आणला त्या दिवशी आजाने डब्यावर नारळ फोडला. नव्या होडीच्या तोंडावर फोडतात ना, तसा.

देवजी : मंग कुठं फोडाचा? टेम्पो आनला तवा बंपरवर फोडला. फ्रीज आनला तवा फ्रीजजवल. यालाच नाय फोडला तर बरा दिसतं काय?

रूपेश : पण आजोबा, पाणी आत गेलं ना.

देवजी : थोराच गेला. एवरी वरसां चालला का नाय?

रूपेश : चालला, ती देवाची कृपा. बरं ताई, प्रॉब्लेम काय सांगत होतात? रेसची गेम चालत नाही?

प्रिया : चालते, पण वळणावर पडदा अडकतो. मी झाडावर जाऊन आपटले की मग दिसतं, इथे वळण होतं म्हणून. श्रुतीकडे नवा कॉम्प्युटर आलाय, तिच्याकडे खेळून आले परवा. काय पळते गाडी. घरी येऊन याच्याकडे बघवेना.

रूपेश : हा फोर-एट्टी-सिक्स आहे, म्हातारा झाला. याला रेसमध्ये पळवायचं म्हणजे आजोबांना मॅरेथॉनला उभं करायचं.

देवजी : मी पलतंय अजून.

रूपेश : सॉरी, आजोबा. तर ऐका. आतला बोर्ड बदलू, पेंटियम टाकू, रॅम वाढवू. दहा हजारांच्या वर जायचं नाही बोललात, तर बोर्ड सेकंडहँड बघतो. मॉनिटर, कीबोर्ड, डबा, सगळं जुनंच ठेवू. गेम मस्त पळेल.

प्रिया : हां, तसंच करा, रूपेशदादा.

देवजी : डबा जुना? नाय. डबा पयला बदल. त्यो बग, कोपऱ्यान उभा हाय, दिवे लागतान त्यो. नि त्याचा टीव्ही पन मोठा घे.

रूपेश : ते घेतलं तर आत टाकायला काही उरणार नाही.

देवजी : आतला कोन बगतं?

प्रिया : मी बघते ना, आजा.

देवजी : रूपेश, तू आमच्या गावचा नाय, म्हनून सांगतंय. या माझ्या नातीचा लगीन हाय, दीड महिन्यान. द्रोणागिरीकडला घर, मानसा बरी हायेत. आंदनान पोरीला कपाट, पलंग, फ्रीज सगलेच देतान. मी बोल्लो, आपून कंपुटर द्याचा. आक्ख्या गावान कुनी दिला नाय. आता आंदन मंडपान मांडतान, बाया हात लावून लावून बगतान. तिथं यो पिवला डबा दिसला, तर शेजारची गोजरा जेवनाच्या आधी गावभर सांगल, देवजीनं नातीला भंगार दिला.

रूपेश : गोजराबाईंना पेंटियम समजतो का?

देवजी : नाय ना. तिला डबा समजतं.

रूपेश : पॉइंट आहे, ताई.

प्रिया : तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?

रूपेश : मी धंद्याच्या बाजूने. एक मधला रस्ता आहे. माझा एक दोस्त तुर्भ्याला ट्रकच्या केबिनी रंगवतो. डबा त्याच्याकडे देऊ, स्प्रे मारून एकदम नवा करून देईल.

देवजी : कंचा रंग मारतं?

प्रिया : काही नको. आजाला विचारलंत तर मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ पण लिहून घेईल.

रूपेश : मग तुमचं तुम्ही ठरवा. पण ताई, राग नका मानू, तिकडे गेल्यावर खेळायला टाइम मिळणार का तुम्हाला? माझी बहीण बोलते, सासरी पहिलं वर्ष ती पेपरसुद्धा दुपारीच वाचायची, सगळे झोपल्यावर.

प्रिया : तिकडे नाही खेळणार मी.

देवजी : मंग कुठं?

प्रिया : इथेच. लग्नापर्यंत. तेवढ्यासाठीच म्हणत होते, आतून चांगला करा.

देवजी : दीड महिन्यासाठी? नि मंग त्याच्यावर कोन खेलल?

प्रिया : जाऊ दे. रूपेशदादा, तो दिव्यांचाच डबा द्या.

देवजी : थांब, बाय. मी काय इचारला?

प्रिया : परवा तिकडून निशांतचा फोन आला होता. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, आजा मला कॉम्प्युटर देतोय. तो म्हणाला, बरं झालं, आमच्या दादाला कंटेनर यार्डच्या ऑफिसात एक पाहिजेच होता. तिथे टेबल पण करून घेतलंय म्हणे त्यांनी. वाईट नाही बोलला, खूश झाला होता. मी विचारलं, मग मी कुठे खेळू? तर हसला. म्हणाला, लग्न झाल्यावर कुणी गेम खेळतं का, तुला खरी गाडी शिकवतो.

देवजी : शिकवल?

प्रिया : शिकवेल पण. चांगला आहे तो, आजा. मला आवडतो. पण फोन ठेवला आणि मला रडूच आलं. एवढ्याशा गोष्टीला कोण रडतं, म्हणून कुणाला बोलले नाही.

रूपेश : चहा सांगतो.

देवजी : सांग. माझ्यान साखर कमी.

प्रिया : आजा, मी काही लग्न मोडत नाहीये.

देवजी : तुझी आजी, पुतला, लगनान तांब्याचा हांडा घेऊन आलेली. तिच्या बापानं उरनच्या बाजारान ठोकून घेतलेला. माझ्या बहिनीचा लगीन निघाला नि आयेनं त्योच हांडा तिच्या आंदनान देऊन टाकला. पुतला काय बोल्ली नाय. पन बहिनीकडं जेवाला गेलो का ती पानी प्याला त्या हांड्याकडंच जायाची. तान नसली तरी. म्हातारी झाली तवापन जायाची.

प्रिया : आजीने मला कधी सांगितलं नाही हे.

देवजी : मना पन नाय सांगितला. दिसायचा. आंदनान गेली ती वस्तू घराची व्हते, बाय. पोरीची नाय ऱ्हात. रूपेश, डबा ऱ्हाऊ दे पिवला. आतला घाल. बरा घाल.

रूपेश : आणि मंडपात?

देवजी : मंडपान शिलाई मशीन मांडू. यो नाय द्याचा. यो घरान ऱ्हाल, हिच्या खोलीन.

प्रिया : अरे पण त्यांना सांगून झालंय. त्यांनी टेबल केलंय.

देवजी : टेबलावर जेवतील. मी सांगन त्यांना, डोकऱ्याचा मन फिरला. डोकऱ्यावर कोन रागावतं?

प्रिया : रागावतील, आजा. मला बोलून दाखवतील.

देवजी : बोल्ले तर मना सांग. मी येऊन बसन त्यांच्या ओटीवर, उठनार नाय. नि तू सनाला येशील, बालंतपनाला येशील, भांडून येशील, कवापन ये. आली का खेल.

रूपेश : आजोबा, मधे बोलतो, सॉरी. तुमचं घर खाडीला लागून ना? तिकडची हवा दमट. कॉम्प्युटर महिना महिना बंद पडून राहिला तर ताई येतील तेव्हा चालूच होणार नाही. रोज थोडा वेळ तरी लावायला पाहिजे कुणीतरी.

प्रिया : बघ. आमच्या घरात कुणाला लावता येतो? आईला भीती वाटते, बाबा रात्री येतात.

देवजी : मी लावीन.

प्रिया : तू टीव्हीच्या रिमोटला पण हात लावत नाहीस, आजा.

देवजी : नाय लावत. याला लावीन. दीड महिना हाय ना तू? सांग, पयला बटन कुठला दाबाचा?