सिंह बघायला जाताना

अंधेरीच्या दवाखान्यात मनाली आफ्रिकेला जाण्याआधीची लस घ्यायला बसली होती. शेजारी एक आई आणि तिचा मुलगा बोलत होते.

“आई, निधीएवढ्या लहान पोरांना जीपमध्ये घेत नाहीत. तू तिच्याजवळ हॉटेलात थांब ना.”

“आणि सिंह तू नि अक्षता, दोघं नवरा-बायको बघणार?”

“तुला व्हिडिओ दाखवू.”

“व्हिडिओ मी भांडुपला बसून बघते रे. अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं मी, मुलगा सिंह दाखवायला नेतोय. आधी का नाही बोललास?”

“तू आली नसतीस.”

“म्हणून फसवलंस?”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत.”

“सुगंधा परब,” नर्सने हाक मारली.

बाई पिशवी उचलून उठल्या.

“आई, घरी चाललीस?”

“लस घ्यायला. जीपमध्ये मी नि अक्षता बसणार. लेक तुझी आहे, तू सांभाळ.”