जांभळ्या उजेडातली रोपं

माझं नाव भास्कर, गाव आमचं शहाद्याच्या बाजूला, तापीकाठी, नी तीच तापी इकडे सुरतेलाही येते, म्हनून मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला फार परकं वाटलं नाही, म्हटलं पानी तरी ओळखीचं आहे. वायरमनचा कोर्स केलेला होता. पलसाण्याला एका डाइंग मिलमध्ये लागलो, कापड रंगवायची मिल ती, तिथल्या मोटरी, पॅनल, बत्त्या सगळं बघायचं काम, नी तेव्हापासून तिथेच आहे. मालकाचा बाप वारला, मालक म्हातारा झाला, मी आपला तिथेच.

बायको माझी कमल. ती मळ्यातली पोर. तिच्या बापाकडे वांगी, मिरच्या, भरताची ती हिरवी लांब वांगी नाही का, ती असायची, नी लग्नाआधी तिचा सगळा दिवस वाफ्यातच जायचा. तिला मी आनलं कुठे, तर सुरतेच्या डिंडोलीत तळमजल्याच्या खोलीत. काय सांगू तुम्हाला ताई, दारात उभं राहून हात लांब केला तर समोरच्या घराची भिंत लागते. ऊन म्हनून नाही. गच्चीला घरमालकाचं कुलूप. तरी तिने कधी म्हटलं नाही की कुठे आनून टाकलं मला. साड्यांचे धागे कापायचं काम घरी आनायची, पोरगी वाढवली, मनीषा, तिचं लग्न करून जळगावला दिली, नी मंग घर एकदम सुनं झालं.

त्या सुन्या घरात तिने एक दिवस तेलाच्या डब्यात मिरचीचं बी टाकलं. उगवलं, पन कसं, तर दोऱ्यासारखं, पांढरंफटक, नी सगळं दाराकडे वाकलेलं. ती बसून बघत राहायची नी म्हनायची, उजेडसाठे मान लांब करतस बिचारा. आमच्यात घरात अहिराणीच चालते. ते बिचारे चार दिवसांत आडवे पडले नी तिने डबा उचलून बाहेर ठेवला, नी मला ते लागलं. मी म्हटलं, मी मिलभर उजेड करतो नी हिच्या चार रोपांना करता येत नाही?

मंग मी मोबाईलवर बघितलं. रोपांसाठी एलईडी लोक घरी बनवतात. रोपाला लाल नी निळा उजेड जास्त लागतो म्हने. मी एलईडीचे लाल नी निळे दाने आनले, इथल्या सचिन गावातल्या भंगारवाल्याकडून अॅल्युमिनियमची पट्टी आनली, कारन ते दाने तापतात, पट्टी गरमी ओढून घेते. पट्टीवर दाने बसवले, झाळलं, ड्रायव्हर, म्हनजे दान्यांना बेताचा करंट देनारी डबी, जोडला, नी फळीखाली साखळीने टांगलं, म्हनजे रोप वाढेल तसं वर सरकवता येईल. पहिल्यांदा लावलं तेव्हा सगळी खोली जांभळी झाली. कमल तोंडाला पदर लावून हसली. म्हने, तमाशाचा तंबू केला की हो घराचा.

पहिली खेप जळाली, मी बत्ती फार जवळ ठेवली. दुसरी बुडाली, तिने पानी जास्त घातलं. तिसरी आली. काय आली ताई! बुटकी, जाड दांड्याची, पानं अशी टवटवीत. कागदी कपात नारळाच्या भुश्यात लावायची ती. गल्लीतल्या बाया बघायला येऊ लागल्या, ज्यांना गच्ची होती त्यांनी रोपं नेली. कमलला गल्लीत कोनी नावाने हाक मारत नव्हतं, मनीषाची आई म्हनायचे, ते आता रोपंवाली कमलताई म्हनायला लागले. माझं पन डोकं फिरलं. एका पट्टीच्या चार झाल्या. रविवारी मी लोकांच्या घरी बत्त्या बसवायला जायचो. मिलला सकाळी अंधारात निघायचो, परत यायचो तेव्हा दिवा लागलेला असायचा.

दिवा म्हनजे तोच. खोलीतली ट्यूब बंद पडली होती. कमल म्हने, ती ट्यूब दखा ना एकदाव. मी म्हटलं उद्या बघतो. जांभळा उजेड होताच, भागत होतं. परत एकदा म्हटलं तिने, भाजी निवडायला दिसत नाही म्हने. मी परत म्हटलं उद्या. वायरमनच्या घरची ट्यूब.

त्या उजेडात कोनाचाच रंग कळत नाही ताई. माझा हात बघितला तर जांभळा, पोळी जांभळी, तिचं तोंड जांभळं. ती हात खाजवायची, मी म्हटलं नारळाच्या भुश्याने होत असेल, हात धूत जा. जेवन कमी झालं, अर्धी भाकर ठेवून उठायची. म्हटलं काय झालं, तर म्हने, माले काय व्हयनं? काय नही. नी लगेच रोपं दाखवायला लागायची, हे बघा याला पाचवं पान फुटलं. मी पानं बघायचो. एखादं पान पिवळं पडलं की त्या उजेडातही बाकीच्यांपेक्षा फिकं दिसायचं, मला लांबून कळायचं, मी म्हनायचो, कमल, त्या कोपऱ्यातल्याला खत दे.

त्या वर्षी तिच्या मनात आलं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वान म्हनून रोपं द्यायची. प्लास्टिकच्या डब्या काय देतात, म्हने, मी वांग्याचं रोप देईन. चाळीस कप लावले तिने. जीव लावला त्यांना. रोज सकाळी थोडा वेळ दाराबाहेर काढायची, बाहेरच्या हवेची सवय व्हायला, नी परत आत. मला म्हने, चाळीसच्या चाळीस जगले बघा.

हळदीकुंकू दुपारी ठेवलं, पुढच्या चौकात, सगळ्या गल्लीचं एकत्र. मी मिलला होतो. हे मला लताबाईंनी सांगितलं, आमच्या शेजारीन. कमल नवी साडी नेसून पहिल्यांदा अशी भर उन्हात येऊन बसली, एकेकीला हळदीकुंकू लावून हातात रोप द्यायला लागली. लताबाई तिला म्हनाल्या, अगं, हळद किती फासली तुला, सगळं तोंड भरलं, नी आपल्या पदराने पुसायला लागल्या. गालावर पुसलं. कपाळावर पुसलं. निघेना. मंग त्यांनी हनुवटी धरून तोंड वर केलं नी डोळ्यात बघितलं, तर डोळे पिवळेजर्द. लताबाईंच्या हातून कुंकवाची वाटी पडली. कमल म्हने, असं काय करता, अजून अकरा जनी राहिल्यात. नी त्या अकरा जनींना रोपं देऊन मगच उठली.

मला मिलमध्ये फोन आला. मी धावत आलो, तिला चौकातच उन्हात बसवून ठेवलं होतं, नी मी बघितलं. मी माझ्या बायकोला किती दिवसांनी उन्हात बघत होतो, मलाच आठवेना.

पित्ताच्या नळीत गाठ निघाली. डॉक्टर भला मानूस होता. मी विचारलं, साहेब, महिना-दोन महिने आधी आनली असती तर? त्याने रिपोर्ट खाली ठेवला. मंग म्हनाला, काका, हा रोगच वाईट आहे, आधी आले असते तरी मी खात्री दिली नसती, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं, पन नाही असंही नाही म्हनत ना तुम्ही? तो माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

दवाखान्यात मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, कमल, मला दिसलंच नाही गं, मी रोज तुझ्यासमोर जेवलो नी मला दिसलं नाही. ती म्हने, येडा व्हयनात का तुम्ही? मन्हासाठेच करं ना ते. नी मंग विचारलं, लताना वांगाले फूल उनं का? मी म्हटलं आलं. आलं नव्हतं अजून. होळीच्या आधी ती गेली.

सगळं आटोपून आलो त्या दिवशी मी पहिलं काम काय केलं, तर स्टुलावर चढून ट्यूब बघितली. स्टार्टर गेला होता. दोन मिनिटांचं काम. लागली ट्यूब, खोली पांढरी झाली, नी मी तसाच स्टुलावर उभा राहून रडलो, मनीषाने खालून पाय धरले माझे.

बत्त्या मी उतरवल्या. मोडल्या नाहीत, हात धजेना, बांधून एकाला देऊन टाकल्या. लोक अजून म्हनतात, काका, आम्हाला बनवून द्या. मी म्हनतो, मला आता जमत नाही. मनीषा रोज फोन करते, बाबा, जळगावला या, तिकडे काय ठेवलंय आता. येईन म्हनतो. मिलमध्ये अजून थोडे दिवस आहेत, ते काढतो. सकाळचा चहा करतो, भाकर काही जमत नाही, खानावळीचा डबा लावलाय. चाललंय. मानसाला कोनी शिक्षा दिली तर ती भोगून संपते, इथे तर कोनी रागवलंच नाही माझ्यावर, तिनेही नाही.

झालं का तुमचं लिहून? थांबा, चहा घेऊन जा, दूध आहे घरात. तुमच्या घरी आई आहे ना? बरी असते ना? देव तिला सुखात ठेवो, नी तुम्हालाही. भास्करकाकांनी नमस्कार सांगितला म्हना.