डिनीची गाडी जाळली तेव्हा

—नाही पोरी, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. इकडं बस, खाटेवर. बेघरांच्या हॉस्टेलची खोली ही, इथं पाहुण्याला काय दाखवायचं! तर आता तुम्हाला शिकवतात म्हणे कौन्सिलात—आमच्यासारख्या आयरिश फिरस्त्यांचं आधी ऐकून घ्या म्हणून? बरं झालं. एका माणसाचा डोळा जावा लागला त्यासाठी. फर्गलचा. तुझ्याआधी कौन्सिलची घरं वाटायचा तो. माझा नवरा, डिनी, राहायच्या गाडीतच गेला ना—लिमरिकच्या रस्त्याकडेला—अन् आमच्यात गेलेल्या माणसाची गाडी ठेवत नाहीत. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, जाळायची. मग तो मोकळा, आपण मोकळे. सगळं गोत उभं होतं, बायका रडत होत्या, अन् हा फर्गल आला धावत—"कौन्सिलचं घर लवकर मिळावं म्हणून स्वतःचं पेटवता? ओळखून आहे मी तुम्हा लोकांना!" मी म्हटलं, बाबा रे, टोपी काढ, आमचं माणूस गेलंय. हसला. हसला अन् ते आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन दारात शिरला—डिनीच्या बिछान्यावर पांढरा फेस! थुंकल्यासारखा!

मग काय व्हायचं? जाळ सारायची सळई होती. एक घाव गुडघ्यावर—आडवा झाला. दुसरा जबड्यावर, वाळकी फांदी मोडावी तसा आवाज, दात चिखलात. तिसरा नको होता. तिसऱ्यानं डोळा गेला. पोलीस आले तर आमचा मायल्स, धाकटा माझा, पुढं झाला—"मी मारलं." त्याला पालथा पाडून पाठीवर गुडघे रोवले, बरगड्या मोडल्या पोराच्या, अन् एक शिपाई म्हणतो, ही जातच असली. कोर्टात गाडी का जाळली हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मायल्स आत गेला. फर्गलचं? वाईट वाटतं की, का नाही वाटणार? दवाखान्यात गेले होते बघायला, दारापर्यंत. आत त्याची आई बसलेली, माझ्याच वयाची, त्याला चमच्यानं सूप भरवत होती. तशीच मागं फिरले.

हे? तळहात होय—काही नाही, भाजल्याचा जुना वण. सळई तापलेली ना, अन् घट्ट धरल्याशिवाय तिसरा घाव—

...

अशी काय बघतेस? मायल्सनं मारलं. त्यानं स्वतः सांगितलंय, कोर्टानं मानलंय. आई आहेस तू कुणाची? नाहीस ना? मग ऊठ. ऊठ म्हणते ना, पोरी—अन् जाताना दार ओढून घे.