नोंद एकाच माराची

— थांबा मास्तर, तेवढं परत वाचा. घरफोड्या घटल्या? राज्यभर? तरीच. फोडलेलं कुलूप घेऊन कोणी दुकानात आल्याचं आठवतच नाही मला. चोरांनीच या कुलूपवालीच्या पोटावर पाय दिला म्हणायचा — हसू नका, बसा, तुमची किल्ली अजून कानसायची आहे. आणि पुढं काय म्हणतोय पेपर? मारहाण वाढली. जबर दुखापतीचे गुन्हे वाढले. वाढणारच — त्यातला एक माझा आहे ना.

नाही हो, मला कोणी मारलं नाही. मी मारलं. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला. मागच्या वर्षी दुकानाला इतके महिने टाळं होतं ते काय, हौस म्हणून? सगळी गल्ली बोलते आणि तुमच्याच कानावर नाही. लग्न झाल्यापासून मारायचा तो तिला — पट्ट्यानं, लाथेनं, हाताला येईल त्यानं. जेवण गार झालं म्हणून. दार उशिरा उघडलं म्हणून. एकदा केस धरून भिंतीवर डोकं आपटलं, टाके पडले, तर दवाखान्यात ही काय सांगते — न्हाणीघरात घसरले. मी तिला ओढत चौकीत नेलं. पहिल्यांदा ती पायरीवरूनच माघारी फिरली. दुसऱ्यांदा हवालदार म्हणाला, घरातलं घरात मिटवा, ताई. मिटलं. कागदावर शाईचा ठिपका नाही. तुमच्या पेपरात आहे का ती? — शोधू नका, नाही सापडायची.

मग एक दिवस काम आटोपून तिच्याकडे डोकावले, तर ही ओट्याखाली अंग चोरून बसलेली, तोंडातून रक्त, आणि हा टेबलाशी जेवतोय. जेवत होता, मास्तर. मला बघून म्हणाला, या, बसा. उजवा हात ताटाशेजारी होता त्याचा. माझ्याजवळ हातोडी होती — पहिला घाव आठवतो, पुढचे नाही. हाडाचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो. आणि धाकटी माझ्या पाठीवर चढून मलाच ओरबाडतेय — सोड त्याला, सोड. मग मात्र पोलिसांची गाडी लगेच आली. पंचनामा झाला, नोंद झाली. साक्ष तिनंच दिली, माझ्याविरुद्ध.

पस्तावा? कशाचा? त्या हाताची बोटं वळत नाहीत आता त्याची. ती भरवते त्याला, एकेक घास. माझ्याशी बोलत नाही. म्हटलं, नाही बोलली तर नाही, मार तरी थांबला. आज सकाळी समोरच्या दुकानात दिसली. तोंडाशी रुमाल धरलेला, पिशवी उचलताना तो सुटला. उजवा गाल काळानिळा, डोळा मिटलेला. उजवा गाल, मास्तर. समोर उभं राहून मारलं, तर उजवा गाल कुठल्या हातानं सुजतो?

डाव्या. डाव्यालाही वळण लावलंय त्यानं.

ही घ्या तुमची किल्ली. बघा दाराला लावून, अडली तर उद्या — नाही, उद्या नको, दुसरीकडे दाखवा. कुठं निघाले म्हणून काय विचारता? उठा, मास्तर. शटर ओढायचंय मला.