नेल्लो लगेच गेला का?

आजच्या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष सिन्योर तालेन्ती, व्यासपीठावरील मान्यवर, आमचे सत्कारमूर्ती संगीतकार मास्त्रो अत्तिलिओ बेर्सानी, त्यांची कन्या मारिलेना, आणि सभागृहात दाटीवाटीनं बसलेल्या चित्रपटसृष्टीतल्या बंधुभगिनींनो,

मी इओले. पडद्यावर माझं नाव कधी आलं नाही. इथे रोमच्या स्टुडिओंत मी आयुष्यभर कपडे शिवले. माझा नवरा नेल्लो घोड्यावरून पडायचा. धंदाच होता तो त्याचा. गोळी नायकाला लागायची आणि पडायचं यानं! म्हणायचा, "इओले, इतक्यांदा मेलोय मी, की मरणसुद्धा कंटाळलंय मला."

मास्त्रोंच्या थोरवीबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी त्यांची कामाची रीत सांगते. ते चित्रीकरणाआधीच संगीत तयार करायचे, आणि माळावर कर्णे लावून ते वाजवलं जायचं. त्या सुरांवर नट चालायचे, घोडे दौडायचे. दंडक एकच, संगीत संपेपर्यंत कॅमेरा थांबवायचा नाही.

आब्रुत्सोच्या माळावर लढाईचा प्रसंग होता. नेल्लो ठरल्याप्रमाणे पडला, पण मागची घोडागाडी वळायच्या ऐवजी त्याच्या अंगावरून गेली. तो ओरडला असेल का हो? ओरडलाच असणार! मी कर्ण्याशेजारी बसून कुणाच्या तरी कोटाला गुंडी लावत होते. मला फक्त व्हायोलिनं ऐकू आली. तो पडल्यापडल्या हात हलवत होता, मास्त्रोंसकट सगळ्यांनी पाहिलं, आणि आमचा दिग्दर्शक मांडीवर थाप मारून म्हणाला, "व्वा! काय मरतोय बघा पठ्ठ्या!" सूर संपले, तेव्हा आम्ही धावलो.

गावच्या डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, लगेच कुणी पोचलं असतं तर वाचला असता." निर्मात्यानं मात्र सगळ्यांना सांगितलं, जागीच गेला. मीही तोंड मिटून बसले. मास्त्रोंनी पुन्हा कधी माळावर संगीत वाजवू दिलं नाही. माझ्या दारी कितीदा आले, मी दार उघडलं नाही. राग होता. अजून आहे, खोटं कशाला बोलू?

परवा मारिलेना आली. "मावशी, बाबांचे दिवस भरत आलेत. घास उतरत नाही. एकच विचारतात, नेल्लो लगेच गेला ना? मी सांगून पटत नाही. तुमच्याच तोंडून ऐकायचंय त्यांना."

अहो, खुर्च्यांत अशी चुळबुळ करू नका. डाव्या कानाशी ओरडल्याशिवाय त्यांना आता काही ऐकू येत नाही. बघा, मी कौतुक करतेय असं वाटून मान डोलावताहेत. मला खरं काय ते एकदा चार माणसांत बोलायचं होतं, ते बोलले. बातमीदारांनो, तेवढं छापू नका, हात जोडते.

हा सोहळा भरवणाऱ्या संघटनेनं मला बोलावलं, तुम्ही निमूट ऐकून घेतलंत, सगळ्यांची आभारी आहे. आनंदाच्या दिवशी अभद्र बोलले, तेवढं पोटात घाला. आता जरा गप्प बसा. टाळ्या नकोत.

मास्त्रो! अहो मास्त्रो, मी इओले. हो, नेल्लोची. ऐकताय ना? जागच्या जागी गेला तो. काही कळलंसुद्धा नाही त्याला. काय म्हणालात? हात? छे हो! वारा होता त्या दिवशी. नुसती बाही हलत होती. मीच शिवली होती ती, जरा ढगळ झाली होती.