दोघीले सारखं औषध

माझं माहेर नेरकडचं, सासर दारव्ह्याच्या अंगानं, तांड्यात. दहावीपर्यंत शिकली म्हून मले आशाताई केलं, तवापासून लेकरायचे ताप पाहून राह्यली. काय सांगू तुमाले ताई, रोगाचा राग नाही येत मले, मानसायचा येते, अन् सगळ्यात जास्त माह्याच.

माह्या जावेच्या दोन पोरी, रोशनी अन् पायल. धाकट्या पायलचा घसा दुखला, ताप आला, अन् दुसऱ्या दिवशी अंगभर बारीक लाल पुरळ. सासू म्हने माता आली, निंबाचा पाला बांधा, दवाखान्यात न्याचं नाही. मी हात फिरवून पाह्यला तर अंग पॉलिश पेपरावानी खरखर, तोंडाभोवती पांढरं, जीभ लालभडक दान्यादान्याची. म्हनलं ना डोये वाह्यत, ना नाक, हा गोवर नव्हे. तर मलेच म्हने, तू मोठी डाक्टरीन. भांडून भांडून नेली पोरीले. डाक्टर म्हनले स्कार्लेट फिवर आहे, घशातून येते, एकापासून दुसऱ्याले लागते, दोन बाटल्या दहा दिवस द्या, पुरळ गेलं तरी बंद करू नका.

दोन दिवसानं रोशनीचा घसा दुखला. तिले पुरळ नाही, काही नाही, म्हून कोनी मले सांगतलंच नाही. जावेनं काय केलं, तर पायलचं औषध दोघीत वाटलं, अर्धा चमचा हिले, अर्धा तिले. मी येता-जाता इचारो, औषध देता ना, जाऊ म्हने देतो ना ताई. दहाव्या दिवशी बाटल्या रिकाम्या दिसल्या, मी खुशीनं वहीत टिक मारली.

तीन हप्त्यानं रोशनीचा गुडघा सुजला, मंग दुसरा, मंग दम लागे. यवतमाळले नेली, तर डाक्टर म्हने घशाच्या रोगाले औषध पुरं पडलं नाही, म्हून हृदयाच्या झडपेले लागलं; तवा जावेनं चमच्याचं सांगतलं. पायल बचावली. मी जावेवर लय ओरडली, असं काहून केलं म्हनलं. ते रडून म्हने, एकीले देऊ अन् एकीले नाही, कसं करू ताई, दोघी माह्याच पोटच्या. तिले काय बोलाव? मी तरी चमचा कुठं पाह्यलता?

आता तांड्यात कोनाचाबी घसा दुखला का मी त्या घरातल्या साऱ्या लेकरायले आ करायले लावतो. लोक म्हनतात पागल झाली. म्हनू द्या.

झडप आखीन खराब होऊ नये म्हून दर एकवीस दिवसानं रोशनीले सुई द्यायले नेतो, कैक वर्षं न्या लागन म्हनतात. ते इचारते, काकी, पुरळ तं पायलले आलतं, मंग सुई मले कायले? मी म्हनतो, चाल माय, जीप सुटून जाईन. अन् मनात म्हनतो, देव तुले सुखी ठेवो.